पेटीवरचा नंबर: छोट्या उत्पादकाचा माल परदेशात कसा पोहोचतो आणि कुठे अडतो

फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातल्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये गेलात तर आधी गारवा जाणवतो आणि मग कात्र्यांची कचकच ऐकू येते. लांबलचक टेबलांपाशी डोक्याला टोप्या घातलेल्या बायका उभ्या असतात. घड देठाला धरून हलकेच फिरवायचा, मण्यांवरचा पांढुरका थर पुसू द्यायचा नाही, तडकलेला, डागी, बारका मणी कात्रीने टिपून काढायचा. मग घड अर्ध्या किलोच्या डबीत बसवायचा. तिला सगळे पनेट म्हणतात. पनेट काट्यावर, काट्यावरून पेटीत, बुरशी धरू नये म्हणून वर गंधकाच्या वायूचा कागद, आणि पेटी प्री-कूलिंगच्या खोलीत. सगळ्यात शेवटी पेटीच्या अंगाला एक स्टिकर लागतो.

निफाडकडच्या माझ्या मामांनी मला तो स्टिकर पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवून ते म्हणाले होते, "हा आपला परदेशातला सातबारा."

तो आकडा म्हणजे त्यांच्या बागेचा नोंदणी क्रमांक. नेदरलँड्समधल्या गोदामात एखाद्या पेटीत गडबड सापडली, तर त्या नंबरावरून उलटं चालत थेट मामांच्या बांधापर्यंत येता येतं: कोणत्या प्लॉटचा माल, कोणत्या पॅकहाउसमध्ये भरला, कोणत्या प्रयोगशाळेने तपासला. निर्यात करायची म्हणजे चांगला माल आणि थोडंफार इंग्रजी लागतं असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. चांगला माल लागतोच. पण छोट्या माणसाचा पाय अडकतो तो या नंबराच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या यंत्रणेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय "छोट्या उद्योगांनी जागतिक बाजारात उतरावं" या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचा भरवसा

पिंपळगाव बसवंतच्या व्यापाऱ्याला द्राक्षं विकताना तो बागेत येतो, दोन मणी तोंडात टाकतो, घड उचलून बघतो, भाव ठरतो. त्याला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही, कारण त्याचे डोळे आणि जीभ तिथे हजर असतात. सात हजार किलोमीटरवरच्या खरेदीदाराला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून तो डोळ्यांच्या जागी कागद मागतो. औषधाचा अंश मर्यादेत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, रोग-कीड नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला, बाग आणि पॅकहाउस नियमाप्रमाणे चालतात याचं ग्लोबलगॅपसारखं प्रमाणपत्र.

यातल्या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. पण खरी अडचण पैसा लागतो ही नाही, तो कशाच्या प्रमाणात लागतो ही आहे. समजा, गिऱ्हाईक शोधणं, नियम समजून घेणं, प्रमाणपत्रं काढणं, कागदपत्रं बघणारा एक माणूस ठेवणं, या सगळ्याला हंगामाला 5 लाख रुपये लागतात. शंभर कंटेनर पाठवणाऱ्या निर्यातदाराला हा बोजा कंटेनरमागे 5 हजार रुपये पडतो. एकच कंटेनर पाठवणाऱ्याला पूर्ण 5 लाख. दोघांचा माल एकाच गोडीचा असेल, तरी दुसरा बाजारात उतरायच्या आधीच हरलेला असतो.

आयात शुल्काची चर्चा वर्तमानपत्रांत रोज असते, आणि शुल्क वाढलं की धंदे बसतात हे खरंच आहे. पण शुल्क टक्क्यांत असतं. लाखाच्या मालावर लाखाच्या हिशेबाने आणि कोटीच्या मालावर कोटीच्या हिशेबाने ते लागतं. वर सांगितलेला खर्च मात्र लहान-मोठा बघत नाही. म्हणूनच गेल्या काही दशकांत शुल्कं एकंदरीत खाली आली तरी विकसनशील देशांतल्या लहान उत्पादकांसाठी दार आपोआप उघडलं नाही. शुल्काची कडी निघाली, पण भरवशाची कडी आतून लागलेलीच राहिली.

एका कंटेनरमध्ये पाऊण ग्रॅमसुद्धा नाही

2010 चा हंगाम नाशिक जिल्ह्यात आजही "ते सीसीसीचं वर्ष" म्हणून ओळखला जातो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटींची नुसती वाढ होऊ नये, काडीत घड तयार व्हावेत, म्हणून द्राक्ष बागायतदार ते फवारत. भारतात त्याला मनाई नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत माल निघणार, मध्ये दहा महिने जाणार, त्यामुळे त्याचा अंश मण्यात उतरेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. प्रयोगशाळा ज्या यादीवरून तपासणी करत होत्या त्या यादीत हे नावच नव्हतं. अहवाल स्वच्छ आले, कंटेनर न्हावा शेव्याहून निघाले, आणि युरोपात झालेल्या तपासणीत सीसीसी सापडलं.

युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. चाळीस फुटी शीतकंटेनरमध्ये साधारण 13 टन द्राक्षं बसतात. हिशेब करून बघा: अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून 650 मिलिग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. चिमटीत मावेल एवढ्या पदार्थावरून कंटेनरच्या कंटेनर बंदरात अडकून पडले. नाशवंत माल, रोज चढत जाणारं भाडं, आणि खरेदीदार हात वर करून मोकळा.

त्या वर्षी मामांच्या हातात उलटी पट्टी आली. पट्टी म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब. उलटी पट्टी म्हणजे माल विकून आलेल्या पैशांपेक्षा खर्चच जास्त झाला, आता तुम्हीच निर्यातदाराला देणं लागता. मामी तो कागद परत परत बघत होत्या, चुकून वजाबाकी उलटी झाली असेल म्हणून. वजाबाकी बरोबर होती.

मामांनी कोणताही नियम मोडला नव्हता. ज्या नियमाने त्यांचा माल पडला तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. मोठ्या कंपनीत असा एक माणूस पगारावर असतो, ज्याचं कामच परदेशातल्या नियमांवर डोळा ठेवणं हे असतं. दोन-अडीच एकरवाल्याने तो कुठून आणायचा?

खर्च वाटून घेण्याची युक्ती

उत्तर एका शब्दात सांगायचं तर: एकत्र. पण नुसतं "संघटित व्हा" म्हणून भागत नाही. काय एकत्र करायचं हे नेमकं ठरावं लागतं.

महाराष्ट्रात याची सुरुवात बरीच आधी झाली होती. 1991 मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही भागीदारी संस्था काढली. राज्याच्या कृषी पणन मंडळाचा तिला हात होता. प्री-कूलिंग आणि शीतगृह एकट्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. ते संस्थेने उभं केलं. सुरुवातीची वर्षं सोपी गेली नाहीत. माल नाकारला जाणं, पोहोचेपर्यंत खराब होणं हे सगळं सोसून मण्याचा आकार, तोडणीची वेळ, थंडाव्याची साखळी या गोष्टी शिकाव्या लागल्या.

पुढचा धडा 2003 मध्ये मिळाला. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर अपेडाने, म्हणजे कृषी आणि प्रक्रियायुक्त पदार्थांच्या निर्यातीसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाने, अंश तपासणीची रीतसर योजना आखली आणि 2006 मध्ये ग्रेपनेट ही संगणकावरची नोंदणी-यंत्रणा सुरू केली. पेटीवरचा नंबर आला तो इथून. बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः बागेत येऊन नमुना घ्यायचा, अहवाल थेट संगणकावर. अंश जास्त निघाला तर तो प्लॉट यंत्रणेतच अडतो, त्या मालाचे पुढचे कागद तयारच होत नाहीत. पुण्याजवळच्या मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीचं संदर्भ केंद्र आहे. कोणतं औषध चालेल आणि तोडणीच्या किती दिवस आधी थांबायचं याची यादी तिथून येते. 2010 मध्ये या चाळणीला एक भोक होतं. ते बुजवलं गेलं, तपासायच्या रसायनांची यादी वाढली.

शेतकऱ्याच्या बाजूने बघा म्हणजे या यंत्रणेची किंमत कळते. युरोपातला नियम वाचणं, त्याचा आपल्या छाटणीच्या वेळापत्रकाशी मेळ घालणं, प्रयोगशाळा विश्वासार्ह आहे का हे पाहणं, ही सगळी कामं एकदाच, सगळ्यांसाठी मिळून होतात. अर्धा एकर असो की पन्नास, तीच यादी, तोच नंबर. वरच्या हिशेबातले 5 लाख हजारो बागांवर वाटले जातात.

2010 च्या फटक्यानंतरच्याच काळात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री फार्म्स उभी राहिली. ही शेतकरी उत्पादक कंपनी आहे, म्हणजे भागधारक शेतकरीच. कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने ही सोय झाली. आज ती देशातल्या सगळ्यात मोठ्या द्राक्ष निर्यातदारांपैकी एक आहे. मला तिच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गिऱ्हाइकाशी बोलणी करणारा माणूस शेतकऱ्यांच्या बाजूचा असतो.

हे जमलं नाही तर काय होतं, ते केनियात दिसलं. तिथले छोटे शेतकरी फरसबी पिकवून विमानाने ब्रिटनला पाठवायचे. युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी युरेपगॅप हे मानक आणलं (ग्लोबलगॅप हे त्याचंच नंतरचं नाव) आणि पुढच्या काही वर्षांत ते पुरवठादारांवर बंधनकारक होत गेलं. औषधं ठेवायला वेगळी खोली, हात धुण्याची सोय, लिखित नोंदी, दरवर्षी लेखापरीक्षण. शेंगा त्याच, शेतकरी तोच, पण अनेक लहान शेतकरी साखळीतून बाहेर फेकले गेले. ज्यांच्या गटांना निर्यातदाराने किंवा मदतसंस्थेने सामूहिक प्रमाणपत्र मिळवून दिलं, ते टिकण्याची शक्यता जास्त होती.

शिकलेली माणसं आणि बँकेचा एक कागद

आता शेतीतून बाहेर येऊ. बांगलादेशचं उदाहरण मी नेहमी सांगते, कारण त्यात मदत म्हणजे नेमकं काय याचं उत्तर आहे. 1979 मध्ये चितगावच्या देश गारमेंट्सने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून सुमारे 130 जणांना तिकडे शिकायला पाठवलं. शिवण, कापणी, दर्जा तपासणी, परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार. ही माणसं परतली, आणि पुढच्या दशकात त्यांतले बहुतेक देश गारमेंट्स सोडून गेले. काही दुसऱ्या कारखान्यांत, काहींनी स्वतःचे कारखाने काढले. एका कंपनीला तो तोटा वाटला असेल. देशभर मात्र ज्ञान पसरलं.

नुसतं ज्ञान पुरलं नसतं. नव्या कारखानदाराकडे कापड आयात करायला पैसे नव्हते. तिथे बॅक-टू-बॅक एलसी नावाची व्यवस्था कामी आली. परदेशी खरेदीदाराच्या बँकेने दिलेली हमी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, तारण ठेवून स्थानिक बँक कापड पुरवणाऱ्याला दुसरी हमी देते. कापड येतं, सीमाशुल्क न भरता बंधित गोदामात राहतं, कपडे शिवून जातात, खरेदीदाराचे पैसे येतात, त्यातून कापडाचे पैसे वळते होतात. भांडवल नसलेला माणूस ऑर्डरच्या जोरावर धंदा करू शकतो.

याच वाटेवर 24 एप्रिल 2013 चा राणा प्लाझाही आहे. ढाक्याजवळ सावरमधली ती इमारत कोसळून 1,100 हून जास्त माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बाया. निर्यात वाढली म्हणजे सगळं भलं झालं असं मी म्हणणार नाही. नोंदी आणि तपासण्या छोट्यांना जड जातात हे खरं, पण इमारतीची तपासणी ही टाळायची गोष्ट नव्हे. तिचा खर्च कुणी उचलायचा, स्वस्त कपडे घेणाऱ्याने किती आणि शिवणाऱ्याने किती, हा भांडण्याचा मुद्दा आहे.

पैशाचा आणखी एक पदर. माल फेब्रुवारीत जातो आणि पैसे कित्येकदा एप्रिल-मेमध्ये येतात. तोवर मजुरी, पेट्या, औषधाच्या दुकानाची उधारी थांबत नाही. यासाठी बँका पॅकिंग क्रेडिट देतात, म्हणजे ऑर्डर दाखवून माल तयार करण्यासाठी कर्ज. आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर? त्यासाठी 1957 पासून ईसीजीसी ही सरकारी कंपनी आहे, मुख्यालय मुंबईतच. ती खरेदीदार पैसे न देण्याच्या जोखमीचा विमा उतरवते. लहान निर्यातदार हा विमा "नंतर बघू" म्हणून टाळतात, आणि मोठ्या कंपन्या, ज्यांना एक बुडालेली पावती सहज पेलते, त्या आधी विमा घेतात. हे उलटं व्हायला हवं.

कागद चुकला तर

मे 2025 मध्ये विमानाने अमेरिकेला गेलेल्या भारतीय आंब्यांच्या 15 खेपा तिथल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. अमेरिकेत आंबा न्यायचा तर त्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते; ती नवी मुंबईत झाली होती. निर्यातदारांचं म्हणणं तसंच होतं. अमेरिकी अधिकाऱ्यांचा आक्षेप प्रक्रियेच्या कागदपत्रांवर होता. परत न्या नाहीतर नष्ट करा, असं सांगितलं गेलं. परत आणायचं विमानभाडं आंब्यापेक्षा महाग. आंबे नष्ट झाले. कागद बनवणं हे मालाइतकंच कौशल्याचं काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाला तेवढाच मान आणि मोबदला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ज्यांचा माल कंटेनरएवढा नाही, गोधड्या, दागिने, मसाले, लाकडी खेळणी, त्यांच्यासाठी टपालाचा रस्ता आहे. डिसेंबर 2022 पासून टपाल खात्याने डाक निर्यात केंद्रं उघडली. तिथे निर्यातीचं बिल ऑनलाइन भरता येतं, सीमाशुल्क कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. पण हा रस्ताही हलता आहे. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलवर शुल्क लागत नसे. 29 ऑगस्ट 2025 पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवावी लागली. अशा वेळी मोठा विक्रेता तिकडच्या गोदामात साठवलेला माल विकत राहतो. घरातून गोधड्या पाठवणारीकडे तसं गोदाम नसतं.

जिनिव्हातून येणारी मदत

जगभरात या कामासाठी संस्था आहेत. 1964 पासून जिनिव्हात इंटरनॅशनल ट्रेड सेंटर आहे, संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक व्यापार संघटना यांची मिळून चालवलेली. गरीब आणि विकसनशील देशांतल्या छोट्या उद्योगांना बाजाराची माहिती, प्रशिक्षण आणि खरेदीदारांशी गाठ घालून देणं हे तिचं काम. बायकांच्या उद्योगांसाठी तिचा शीट्रेड्स हा वेगळा उपक्रम आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 ला अमलात आला. सीमाशुल्काचे नियम जाहीर करा, कागद एकाच खिडकीवर घ्या, नाशवंत माल लवकर सोडा, असं तो देशांना बांधून घालतो. नाशवंत मालाचं ते कलम वाचताना मला बंदरात अडकलेली आमची द्राक्षं आठवतात.

सीसीसीच्या वर्षी जे आम्हाला हवं होतं, तेही आता आहे. कोणताही सदस्य देश आयात मालाचे आरोग्य किंवा दर्जाविषयक नियम बदलणार असेल तर त्याने सहसा आधी जागतिक व्यापार संघटनेला कळवायचं असतं. ईपिंग नावाच्या मोफत संकेतस्थळावर आपला माल आणि देश निवडून नाव नोंदवलं की अशा सूचना ईमेलवर येतात. अडचण एकच: त्या सूचना बोजड इंग्रजीत असतात. त्या वाचून गावच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी मराठीत टाकणारा एक माणूस प्रत्येक उत्पादक कंपनीने नेमला, तर तो पगार वाया जाणार नाही. प्रदर्शनांच्या स्टॉलवर आणि उद्घाटनांवर जेवढा खर्च होतो त्याच्या तुलनेत हे किरकोळ आहे.

सुरुवात करायची असेल तर

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर 500 रुपयांत मिळतो. तुमचा पॅन हाच तो कोड असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती ताजी करावी लागते, हे बरेच जण विसरतात आणि कोड बंद पडतो. जीएसटीत हमीपत्र भरलं की निर्यातीच्या मालावर आधी कर भरून परताव्याची वाट बघावी लागत नाही. मालाचा एचएस कोड, म्हणजे जगभर चालणारा मालाच्या वर्गवारीचा आकडा, नीट शोधा, कारण शुल्क, सवलत, नियम सगळं त्या आकड्यांवरून ठरतं. एजंटाने सांगितला म्हणून लिहू नका.

पण हे सगळं करण्याआधी नोंदी. कच्चा माल कुठून आला, कोणत्या तारखेला काय वापरलं, कोणती पेटी कोणाला गेली. परदेशी खरेदीदार पहिल्याच बोलण्यात हे विचारतो, आणि ते मागून तयार करता येत नाही.

मामांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला एक वही लटकवलेली असते. औषधाचं नाव, पाण्याचं प्रमाण, तारीख, फवारणाऱ्याची सही. वहीचं पुठ्ठ्याचं पान उलटलं की आतल्या बाजूला मामींच्या अक्षरात चार ओळी आहेत: 2010 ची ती वजाबाकी, अजून तशीच.